ईस्टरचा साधा सण



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आम्हांसारख्यांनी समोर बसून ऐकावे, हीच रीत आहे आणि ती योग्य आहे. आमचे शाळेतील शिक्षण सातव्या यत्तेत संपले. पुढचे जे काही झाले ते लेथच्या शेजारी, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. गेली तीस वर्षे आम्ही कामगार संघटनेचे काम करीत आहोत. त्यामुळे चालकांनी जेव्हा विषय विचारला, तेव्हा बोनस, कंत्राटी कामगार किंवा नवे कामगार कायदे यांपैकी काहीतरी आम्ही सांगू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘ईस्टरचा साधा सण’ असे लिहून पाठविले. चालकांचा उलट निरोप आला, “विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?”

चूक झालेली नाही. आम्ही ख्रिस्ती नाही आणि हे भाषण धर्मोपदेशाचेही नाही. सण कसा करावा, त्याला किती पैसे लागतात आणि पैशापेक्षा अधिक काय लागते, हा कामगाराच्या संसारातला मोठा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आम्हांला एका ईस्टरच्या रविवारी, आमच्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे मिळाले. ती चूक आपल्यासमोर मांडावी, एवढाच आमचा हेतू.

प्रथम सणाची थोडी ओळख करून घेऊ. येशू ख्रिस्ताला शुक्रवारी क्रूसावर खिळले आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, तो पुन्हा उठला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. त्या पुनरुत्थानाचा सण तो ईस्टर. नाताळ ठरलेल्या तारखेस येतो. ईस्टर मात्र चंद्राच्या गतीने चालतो. इ. स. ३२५ मध्ये निकेआ येथे भरलेल्या धर्मसभेने हा सण सर्वांनी एकाच रविवारी करावा असे ठरविले. आजचा हिशेब असा की, २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार हा ईस्टरचा. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कोणत्याही दिवशी येऊ शकतो. पंचांग पाहणाऱ्या आपल्या लोकांना हे मुळीच परके वाटू नये. बहुतेक वर्षी ही पौर्णिमा म्हणजे आपली चैत्री पौर्णिमाच असते. २०२५ साली हनुमान जयंती १२ एप्रिलला झाली आणि ईस्टर २० एप्रिलला आला. कधी ती होळीची पौर्णिमा असते. २०२४ साली होळीनंतर आठवडाभरात, ३१ मार्चला, ईस्टर होता. म्हणजे वसंत ऋतूत भरणाऱ्या व्याख्यानमालेत या विषयावर बोलण्यास काळाचीही अनुकूलता आहे.

सणाआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून त्याचा आरंभ होतो. या काळात मांस, मद्य, गोडधोड, करमणूक यांपैकी काहीतरी आवडीचे सोडावयाचे, आणि सोडल्यामुळे जे वाचेल ते गरजूला द्यावयाचे, असा संकेत आहे. दुसरा भाग पुष्कळदा विसरला जातो. नुसते सोडणे ही काटकसर झाली. सोडलेले दुसऱ्याच्या ताटात पडले म्हणजे तो उपवास झाला.

हा सण आम्ही पाहिला तो वसईला. वसई म्हटले की आपल्याला किल्ला आणि चिमाजी आप्पा आठवतात. १७३९ मध्ये तो किल्ला मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले, परंतु तेथला ख्रिस्ती समाज आपल्या वाडीत, आपल्या विहिरीवर राहिला आणि आपली मराठी बोलत राहिला. केळी, पानवेली, भाजीपाला, सोनचाफा, मोगरा हे त्याचे पिढीजात उत्पन्न. आगाशीची सुकेळी आपल्यापैकी पुष्कळांनी खाल्ली असतील. आमचे बिऱ्हाड मात्र तेथे हौसेने गेलेले नव्हते. आमचे वडील लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. संपाबरोबर आमची शाळा संपली आणि आम्ही पितळेच्या नळांना पॉलिश करण्याच्या एका गाळ्यात कामास लागलो. पुढे चाळीतली खोली गेली आणि गिरणगावातल्या अनेक कुटुंबांप्रमाणे आम्हीही पश्चिम रेल्वेच्या गाडीने वसईच्या बाजूस सरकलो.

आता चुकीची गोष्ट. २०११ साल. मुंबईच्या उत्तरेस एका औद्योगिक वसाहतीत सुटे भाग करणारा एक कारखाना होता; त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. कामगार साठ-पासष्ट. विजेचा भार वाटला जावा म्हणून आपल्याकडील औद्योगिक वसाहतींची साप्ताहिक सुटी निरनिराळ्या वारी असते, हे आपणांस ठाऊक असेल. या वसाहतीची सुटी शुक्रवारी. त्यामुळे ख्रिस्ती कामगारांना गुड फ्रायडेची सुटी आपोआप मिळे आणि मालकाला ती फुकटात पडे. पण ईस्टरचा रविवार हा कामाचा दिवस. त्या वर्षी ईस्टर २४ एप्रिलला, अगदी उशिरा, आलेला. कारखान्यात ख्रिस्ती कामगार होते अकरा. त्यांनी संघटनेकडे अर्ज दिला की, तो रविवार आम्हांला मिळवून द्यावा. नेमक्या त्याच आठवड्यात मोठी मागणी आलेली. मालक म्हणाला, “सुटी नाही. पण त्या दिवशी जो कामावर येईल त्याला दुप्पट मजुरी देतो.”

कायद्याच्या दृष्टीने तो रविवार साधा कामाचा दिवस होता. त्या दिवसाची दुप्पट मजुरी आम्ही एक शब्दही न भांडता मिळविली, याचा आम्हांला अभिमान वाटला. आम्ही तिथल्या तिथे मान्य केले. अकरांपैकी काही जण खरोखर खूश झाले. एकाच्या मुलीची फी भरावयाची होती, दुसऱ्याच्या डोक्यावर सावकाराचे व्याज होते. त्यांना आम्ही आजही दोष देणार नाही. दोघे-तिघे मात्र गप्प राहिले. सभेत जो गप्प राहतो त्याचे मत आपल्याकडे आहे असे धरून चालणे, हा आमच्यासारख्या पुढाऱ्यांचा जुना रोग आहे.

त्या गप्प राहिलेल्यांपैकी एक जण आमचा जवळचा सहकारी, लेथवरचा अत्यंत कसबी कारागीर. त्याचे वडील अंथरुणास खिळलेले होते. रविवारी रात्री पाळी संपल्यावर तो आम्हांला आग्रहाने घरी घेऊन गेला. आम्ही वाटेत खोक्यातला एक मोठा केक आणि चकचकीत कागदात गुंडाळलेली चॉकलेटची अंडी विकत घेतली; दुप्पट मजुरीचा दिवस होता ना! घरी पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. मुले झोपली होती. म्हातारे झोपले होते. स्वयंपाकघरात केळीच्या पानाखाली जेवण झाकून ठेवलेले. सहकाऱ्याच्या आईने खोके हातात घेतले, टेबलावर ठेवले आणि आम्हांला म्हणाली, “भाऊ, पैसे आणलेत, केक आणलात. पण ह्यांनी सकाळपासून तीनदा विचारलं, मुलगा आला का म्हणून. त्यांना मी काय देऊ? हा डबा?”

आम्ही निरुत्तर झालो. त्याच वर्षी पावसाळ्यात म्हातारे वारले. तो त्यांचा शेवटचा ईस्टर होता. दुप्पट मजुरीचे पैसे महिन्याभरात संपले असतील. तो रविवार काही परत मिळाला नाही. आणि तो विकणारा मालक नव्हता, आम्ही होतो.

श्रोतेहो, रविवार विकण्याचा हा गुन्हा आमच्याकडून व्हावा याची लाज वाटण्यास आणखी एक कारण होते. या देशातील गिरणी कामगाराला रविवारची सुटी कोणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशनच्या द्वारे ती मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. सत्यशोधक लोखंडे यांनी रविवारच का मागितला? त्यांचे एक कारण असे की, रविवार हा खंडोबाचा वार आहे. बहुजन समाजातील कामगाराला त्या दिवशी आपल्या देवाची सेवा करता आली पाहिजे आणि समाजाचे कामही करता आले पाहिजे. पुढे वर्षभरातच, १५ मे १८९१ रोजी, रोमहून पोप तेरावे लिओ यांचे कामगारांच्या स्थितीविषयीचे प्रसिद्ध परिपत्रक निघाले. कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे आणि रविवारची व सणांची विश्रांती त्यांना मिळाली पाहिजे, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. मुंबईचा एक सत्यशोधक माळी आणि रोमचे धर्मगुरू, यांची एकमेकांशी गाठ पडण्याचे काही कारण नव्हते. तरीही एका वर्षाच्या अंतराने दोघे एकाच गोष्टीवर आले: माणसाला आठवड्यातून एक दिवस असा पाहिजे की जो मालकाचा नाही. आमच्या वडिलांनी लालबागच्या गिरणीत ज्या रविवारी विश्रांती घेतली, तो लोखंड्यांचा रविवार होता. आणि आम्ही तो दुप्पट भावाने विकून टाकला!

यातून आम्ही जे शिकलो ते असे. साधा सण स्वस्त असतो हे खरे, पण तो फुकट नसतो. त्याला वेळ लागतो. ज्याच्याजवळ वेळ नाही तोच वस्तू विकत घेतो. मुलांबरोबर बसून काही करावयास दिवस नाही, म्हणून खोक्यातला आनंद आणावयाचा. चार माणसांनी मिळून रांधावयास सकाळ नाही, म्हणून बाहेरून मागवावयाचे. आणि मग त्याबरोबर येणारे डबे, वाट्या, चमचे, पिशव्या गटारात जाऊन पडावयाच्या. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या व थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. कायदा चांगलाच आहे. परंतु माणसाच्या हाती भांडी घासण्याइतका वेळ ठेवला नाही, तर कायदा कागदावर राहतो आणि थर्माकोल नाल्यात. पर्यावरणाच्या प्रश्नाला कामाच्या तासांचाही एक पदर आहे, तो सभासंमेलनांतून फारसा ऐकू येत नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितला.

पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, आम्ही ही चूक सुधारली. मालकाकडे गेलो नाही, प्रथम कामगारांकडे गेलो. ख्रिस्ती नसलेल्या सभासदांची सभा घेतली आणि विचारले, ईस्टरच्या दिवशी या अकरांची यंत्रे तुम्ही सांभाळाल का? लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आणि ईदच्या दिवशी ते तुमची सांभाळतील. पाच मिनिटांत हात वर झाले. मग मालकाला सांगितले, “तुमचे एक यंत्रही बंद राहणार नाही आणि एक पैसाही जास्त लागणार नाही.” मालकाने मान्य केले. ती अदलाबदल पुढे दरवर्षी चालू राहिली.

त्या वर्षीचा ईस्टर, ८ एप्रिलचा, आम्ही सकाळपासून त्या घरी काढला. त्याआधी शनिवारच्या रात्रीची मिस्साही पाहिली. सगळे दिवे मालवलेले. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटविला. त्यावर मेणाची एक मोठी मेणबत्ती लावली. तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात. त्या एका ज्योतीवरून पहिल्याने आपली मेणबत्ती लावली, पहिल्याच्या ज्योतीवरून दुसऱ्याने, आणि पाहता पाहता सारे चर्च उजळून निघाले. रोषणाईच्या हजारो दिव्यांनी जे होत नाही ते त्या अंधाराने केले. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या लहान मुलीने आपली ज्योत आमच्या मेणबत्तीला दिली आणि तिची मुळीच कमी झाली नाही, हे आम्ही पाहत राहिलो.

आणखी एक गोष्ट आम्हांला तेथे कळली. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ज्याला तेथे झावळ्यांचा रविवार म्हणतात, चर्चमध्ये झावळ्या आशीर्वादित करून देतात. लोक त्या पात्यांचे लहान क्रूस विणतात आणि वर्षभर घरात ठेवतात. पुढच्या वर्षी त्याच सुकलेल्या झावळ्या जाळून राखेच्या बुधवारची राख तयार होते. म्हणजे या वर्षीची राख ही गेल्या वर्षीच्या हिरव्या पानांची! काही टाकावयाचे नाही आणि काही विकत आणावयाचे नाही. आपल्या जुन्या सणांकडे पाहिले तर असेच दिसेल. आंब्याची पाने, झेंडू, मातीची पणती, केळीचे पान: सण संपला की सारे पुन्हा मातीला मिळे. हा शहाणपणा एका धर्माचा नाही. तो शेतकऱ्याचा आहे.

त्या दिवशी जेवण्यास दोन घरे मिळून एकोणीस माणसे होती. इंदियालाचे भांडे एका घरातून आले, फुगे दुसऱ्या घरी तळले. आमच्यासाठी वाडीतल्या वांग्यांची भाजी आणि तांदळाची हातभाकरी. केळीची पाने परसातली. पंगत उठल्यावर पाने खताच्या खड्ड्यात गेली. म्हातारीने आम्हांला खडीसाखर दिली आणि म्हणाली, “या वेळी खोकं नाही आणलंत, बरं केलंत.”

जेवणानंतर मुलांनी अंडी रंगविली. ईस्टरला अंडी कशी आली, याचे कारण मोठे व्यावहारिक आहे. मध्ययुगात युरोपात उपवासकाळी मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. पण उपवास माणसांचा, कोंबड्यांचा नव्हे! त्या अंडी घालीतच राहिल्या. ती साठलेली अंडी उकडून सणाच्या दिवशी खाणे आणि एकमेकांना देणे हा आनंद झाला. अंड्यातून जीव बाहेर येतो म्हणून पुनरुत्थानाचे प्रतीकही झाले. उत्तर इंग्लंडात कांद्याच्या साली गुंडाळून अंडी उकडण्याची चाल आहे. लँकेशायरमधील प्रेस्टन या गावी ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मुले अशी अंडी ॲव्हनहॅम पार्कच्या उतारावरून घरंगळत सोडतात. ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. प्रेस्टन हे कापूस गिरण्यांचे गाव. १८५३-५४ मध्ये तेथील गिरणी कामगारांनी महिनोन्महिने टाळेबंदी सोसली. अशा गावच्या मुलांचा खेळ कोणता, तर एक उकडलेले अंडे आणि एक उतार. गिरणगावात वाढलेल्या आम्हांला ते वाचून फार जवळचे वाटले.

आपल्याकडे तर कांद्याच्या सालींचा तोटा नाही. मूठभर कोरड्या साली पाण्यात चांगल्या उकळाव्यात, पाणी गाळून त्यात चमचाभर व्हिनेगर घालावे, आणि त्या पाण्यात अंडी उकडावी. तांबूस तपकिरी सुरेख रंग येतो. हळदीने पिवळा, बिटाने गुलाबी. आधी एखादे कोथिंबिरीचे पान अंड्यावर फडक्याने घट्ट बांधले तर पानाची नक्षी उमटते. मुलांचे दोन तास त्यात गेले. शेवटी त्यांनी ती अंडी खाल्ली आणि टरफले गुलाबाच्या कुंडीत घातली. खर्च अंड्यांचा तेवढा.

याच्या जोडीला चॉकलेटचे अंडे ठेवून पाहू. इंग्लंडात ब्रिस्टल येथे १८७३ मध्ये पहिले पोकळ चॉकलेटचे अंडे विक्रीस आले असे सांगतात. ते गोड आहे, आम्हांलाही आवडते. परंतु चॉकलेट ज्या कोकोपासून होते त्याचे जगातील निम्म्याहून अधिक पीक पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत निघते. तेथील मळ्यांत लहान मुले कोयते चालवितात, औषधे फवारतात, ओझी वाहतात. कंपन्यांनी २००१ मध्ये यातील अत्यंत वाईट प्रकार बंद करण्याचा करार केला. त्यानंतर २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाने त्या दोन देशांत कोकोच्या कामी असलेली बालमजूर मुले सुमारे १५ लाख ६० हजार होती. आम्ही स्वतः बाराव्या वर्षी पितळेची धूळ नाकातोंडात घेत काम केले आहे. मुलांच्या हाती चकचकीत कागदातले अंडे देताना, ते दुसऱ्या एखाद्या बारा वर्षांच्या मुलाच्या हातून आलेले असू शकते, हा विचार आमच्या मनातून जात नाही. चॉकलेट खाऊच नका असे आम्ही म्हणत नाही. थोडे घ्या, कोठून आले ते विचारा, आणि त्यावाचून सण अडतो असे मानू नका.

आता एका आक्षेपाकडे वळले पाहिजे, आणि तो आमच्याच पोटातला आहे. एका मालकाने बोनसच्या बोलणीत आम्हांला ऐकविले, “तुम्हीच सांगता सण साधा करावा. मग सणाला पैसे कशाला मागता?” श्रोतेहो, हे वाक्य वरवर बिनतोड वाटते. त्याचे उत्तर असे की, साधेपणा आणि टंचाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या ताटात पुरेसे आहे आणि जो त्यातले थोडे बाजूला काढून दुसऱ्यास देतो, तो साधेपणा. ज्याच्या ताटात पडतच नाही त्याला साधेपणाचे व्याख्यान देणे ही क्रूरता. बोनस ही बक्षिसी नाही. ते राहून गेलेले वेतन आहे, अशी चळवळीची भूमिका आहे, आणि १९६५ च्या कायद्याने किमान मर्यादा घालून, जी पुढे ८.३३ टक्के झाली, तो कामगाराचा हक्क ठरविला. त्या पैशाचे कामगार काय करील हे तो ठरवील. आमचे म्हणणे कामगाराला आहे, मालकाला नव्हे: भाऊ, तो पैसा घराच्या छपराला लाव, मुलीच्या शाळेला लाव, सावकाराच्या, किंवा अलीकडे मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्यांच्या, तोंडात घालू नकोस. सणासाठी घेतलेले कर्ज पुढच्या सणापर्यंत फिटत नाही, हे आम्ही शेकडो घरांतून पाहिले आहे. रोषणाई एका रात्रीची, हप्ते अकरा महिन्यांचे.

साधेपणाचा संबंध केवळ खिशाशी नाही, जमिनीशीही आहे. वसईत ‘बावखल’ म्हणून गोड्या पाण्याची तळी आहेत. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते, विहिरींना पुरते आणि समुद्राचे खारे पाणी आत शिरण्यास अटकाव होतो. केळी आणि पानवेली उभ्या राहिल्या त्या या पाण्यावर. इमारतींसाठी कित्येक बावखले बुजविली गेली. वसईची ही हिरवळ राखण्यासाठी लोकांनी जे आंदोलन उभारले त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आघाडीवर होते. पुढे २०२० मध्ये ते धाराशिवला, त्या वेळच्या उस्मानाबादला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२४ मध्ये वारले. बावखल बुजले की विहीर आटते, विहीर आटली की वाडी जाते, वाडी गेली की केळीचे पान जाते, आणि मग पंगतीला प्लॅस्टिकचे ताट येते. ताट ही शेवटची पायरी आहे. पहिली पायरी पाण्याची. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वी हे आपल्या सर्वांचे सामाईक घर आहे अशा अर्थाचे जे परिपत्रक काढले त्यात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश वेगळे मानलेले नाहीत. २०२५ च्या ईस्टरला त्यांनी लोकांना अखेरचे दर्शन दिले आणि दुसऱ्याच दिवशी, २१ एप्रिलला, ते गेले. त्यांच्या मागून आलेल्या पोपांनी ‘लिओ’ हेच नाव घेतले, आणि कामगारांविषयीच्या त्या १८९१ च्या परिपत्रकाची आठवण मनात ठेवून घेतले. आम्हां संघटनेच्या माणसांना याचा आनंद झाला, तो आम्ही लपविणार नाही.

शेवटी, नुसते सांगून थांबणे बरे नाही, म्हणून दोन-तीन साध्या सूचना. आपल्यापैकी जे दुकानांत, कचेऱ्यांत काम करतात त्यांनी ध्यानात ठेवावे की, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सुट्या आहेत. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर ठरलेल्या, आणि उरलेल्या चार सणांच्या सुट्या मालक व कामगार यांनी मिळून ठरवावयाच्या. ठरवताना ज्यांची संख्या कमी आहे त्यांना आधी विचारा. आपल्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्याचा सण कोणता, तो कधी येतो, हे माहीत करून घ्या आणि त्या दिवशी त्याचे काम आपल्या अंगावर घ्या. यापेक्षा मोठी भेटवस्तू बाजारात मिळत नाही. दुसरे, सणाला दोन घरांची एक चूल करा. खर्च निम्मा होतो आणि माणसे दुप्पट. तिसरे, जे मुलांच्या हातून होण्यासारखे आहे ते विकत आणू नका.

दुप्पट मजुरीच्या त्या दिवशी आणलेली चॉकलेटची अंडी त्या घरातल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्ली असतील. त्यांना ती आठवतही नाहीत. आम्ही मुद्दाम विचारून पाहिले. पुढच्या वर्षीची कांद्याच्या सालीची अंडी मात्र त्यांना आठवतात. त्यांतला मोठा आता आयटीआय होऊन कामाला लागला आहे. तो आम्हांला म्हणाला, “काका, त्या दिवशी बाबा दिवसभर घरी होते.”

अंड्यांचा रंग त्याला नीटसा आठवत नव्हता. बाबा घरी होते, एवढे आठवत होते. आमच्या सबंध भाषणात याहून अधिक काही नाही.